पाच बटणांचा सदरा

मित्रांनो, मी नाटकातला एक जुना सदरा आहे. इतर सदरे घालण्यासाठी शिवतात, मला मात्र काढण्यासाठी शिवलं.

कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनी मला जाड्याभरड्या निळ्या कापडातून बेतलं. वर शोभेची पाच बटणं, आत टिचबटणं. दुसऱ्या अंकात हमालाने मला एका झटक्यात उघडायचं, उघड्या अंगाने वाकायचं आणि जखमी सोबत्याच्या डोक्याला मला बांधायचं. टाळी ठरलेली. खोटं कशाला बोलू, ती माझीच असं मला वाटायचं.

हमाल झालेला नट चाळिशीचा, खाऊनपिऊन सुखी. एका प्रयोगानंतर दिग्दर्शक सहज म्हणाले, की हमालाच्या आधी त्याचं पोटच एंट्री घेतं. सगळे हसले, नटही हसला, पण ते त्याला लागलं. त्याने रात्रीचं जेवण सोडलं. पाणी तोडलं की स्नायू उठून दिसतात, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. झालं! प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून घोटभर पाणी नाही आणि बायकोने दिलेला डबा जसाच्या तसा घरी परत.

हे सगळ्यांत आधी मला कळलं, कारण मी त्याच्या अंगावर लोंबायला लागलो. मावशींनी मला तीनदा बाजूंनी आत घेतलं. दर वेळी तो आरशात बघून खूश व्हायचा. मावशी गप्प असायच्या. तोंडात टाचण्या असतात म्हणून, असं मी समजत होतो.

मग एका प्रयोगात गोणी उचलताना तो कोसळला. पडदा पाडावा लागला. डॉक्टरांनी चांगलं फैलावर घेतलं. तरी आठवड्याने हा गडी हजर, आणि म्हणतो कसा, सदरा अजून थोडा आत घ्या.

मावशींनी मला पुढे केलं. तिन्ही वेळच्या शिवणी उसवलेल्या, टिचबटणं गेलेली, पाच खरी काजं केलेली. तो वैतागला. आता झटका कसा मारायचा?

"ज्याच्याकडे एकच सदरा असतो ना, तो असा फाडत नाही रे," मावशी म्हणाल्या. "तो बटणं काढतो."

त्याने माझ्या पाचही काजांवरून बोट फिरवलं. मग त्याने डबा उघडला.

त्या प्रयोगात दुसरंच बटण काजात अडकलं. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याने पोट आत ओढलं नाही. पाचव्या बटणापर्यंत नाट्यगृहात चिडीचूप. त्याने मला जपून गुंडाळलं आणि सोबत्याच्या डोक्याला बांधलं. टाळी आलीच नाही. मला वाईट वाटलं, पण दिग्दर्शकांनी ती पुन्हा कधी मागितली नाही.

आता मी पेटीत असतो. माझ्या दोन्ही बाजूंना उसवलेल्या टाक्यांची भोकं अजून दिसतात. मित्रांनो, उद्या कुणी नवा हमाल आला, तर एवढंच करा. मला त्याच्या अंगावर बसवा, त्याला माझ्यात बसवू नका.