दोन कार्डांचा संगणक

मित्रांनो, धायरीच्या महिला संगणक केंद्रात ओळीने बारा संगणक मांडले आहेत. त्यांतला शेवटचा, पिवळट पडलेला, तो मी. वयाने सर्वांत मोठा आहे. पण कामात मी कुणाला हार जात नाही.

माझी उमेदीची वर्षे एका मोठ्या कचेरीत गेली. तिथे मला दोन निरनिराळ्या नेटवर्कांशी बोलावे लागे, म्हणून माझ्या अंगात दोन नेटवर्क कार्डे बसवली होती, प्रत्येकाला मागे वायर लावायची वेगळी जागा. पुढे कचेरीने नवे संगणक घेतले, माझी हार्ड डिस्क काढून ठेवली आणि मला या केंद्राला देऊन टाकले. हार्ड डिस्क नाही म्हणजे माझ्याजवळ स्वतःचे असे काहीच नाही. रोज सकाळी मी वायरीतून केंद्राच्या सर्व्हरकडे मागणी करतो, तो मला चालण्यासाठी लागणारे सगळे पाठवतो आणि मी कामाला लागतो. सहा वर्षांत यात खंड पडला नव्हता.

माझ्यापुढे तुळजाबाई बसत. घरची शेती सांभाळून त्या चाळिशीत टंकलेखन शिकल्या होत्या. गावच्या शाळेच्या कार्यालयात त्यांना जागा मिळणार होती, पण प्रमाणपत्र हवे होते. शनिवारी परीक्षा. बायका बारा, संगणक बारा.

मंगळवारी सर्व्हरवरची प्रणाली नवी केली. बाकीचे अकराजण सुरू झाले. मी मात्र अर्ध्यावर येऊन थांबलो. दुरुस्तीला आलेल्या आमोदने मला दोनदा बंद-चालू केले आणि म्हणाला, "याला आता हार घाला." पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती. यादीत आपले नाव शेवटचे आहे हे तुळजाबाईंना ठाऊक होते. त्यांनी मुकाट्याने वही पिशवीत घातली.

केंद्र चालवणाऱ्या वासंतीबाईंनी त्यांना थांबवले. "अहो, बसा जरा. हा अडतो कुठे, ते आधी पाहू."

त्यांनी मला पुन्हा चालू केले. पडद्यावरची एकेक ओळ वाचून त्या कागदावर लिहू लागल्या. तुळजाबाई माझ्या मागच्या बाजूला वाकून पाहत होत्या.

"बाई, वायरीपाशी बारका दिवा हाय. आधी लुकलुकतोय, मग गप हुतोय. आन् शेजारी आणखी एक भोक रिकामंच हाय."

वासंतीबाईंनी वायर त्या रिकाम्या जागी लावली. आता तर माझी सुरुवातच होईना. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले. माझी पहिली मागणी एका कार्डातून जात होती. नवी प्रणाली मात्र दुसरे कार्ड पहिले समजून उरलेले सगळे त्यातून मागत होती, आणि त्याला वायरच नव्हती. त्यांनी वायर मूळ जागी लावली. प्रत्येक कार्डाला आपला वेगळा क्रमांक असतो. वायर असलेल्या कार्डाचा क्रमांक त्यांनी सर्व्हरवर नोंदवला आणि पुढचेही सगळे त्यातूनच मागायचे, असे नव्या प्रणालीला बजावले.

मी सुरू झालो. तुळजाबाईंनी पदराने माझा पडदा पुसला आणि सरावाला बसल्या.

शनिवारी त्यांची बोटे माझ्यावर झरझर चालली. त्या उत्तीर्ण झाल्या आणि आता शाळेत दाखले टंकतात.

मित्रांनो, अडलेल्या यंत्राला लगेच निकामी म्हणू नका. ते कुठवर आले आणि कुठे थांबले, एवढे शांतपणे पाहा. आमच्यातले पुष्कळजण मोडलेले नसतात. भलत्या दाराशी उभे असतात.