वर्तुळातले अकरा

“तलवार नको,” मामा म्हणाला आणि मी भरलेला कागद त्याने माझ्याकडे परत सरकवला. “तलवारीचा नेम दहातून चार वेळा चुकतो. चुकला की नुकसान शून्य. मग ताकद कितीही असू दे, काय उपयोग?”

रविवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही मैत्रिणी फाशांचा खेळ खेळायचो. प्रत्येकीने कागदावर एक पात्र रचायचं, योद्धा नाहीतर चोर नाहीतर मांत्रिक. त्याला गुण वाटून द्यायचे आणि सूत्रधार सांगेल त्या गोष्टीत ते पात्र जगवायचं. सूत्रधार म्हणजे औषधाच्या दुकानात काम करणारी माझी मैत्रीण. आमच्यातल्या एकीची बदली झाली आणि शत्रूला जबर फटका देणारं कुणी उरलं नाही, म्हणून मी मामाला ओढून आणलं. निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती. एकटा राहायचा. आकडेमोडीत मात्र त्याचा हात धरणारं आमच्यात कुणी नव्हतं.

तासाभरात त्याने सगळा कागद खोडला. ताकद कमी केली, बुद्धीत जेवढे गुण बसतील तेवढे कोंबले आणि योद्ध्याचा मांत्रिक केला.

“हा अग्निगोल बघ. वीस फुटांत जो असेल त्याला लागणारच. आठ फासे, सरासरी अठ्ठावीस. उडी मारून वाचला तरी निम्मं, म्हणजे चौदा. आणि हे तुमचे खुजे राक्षस, त्यांचा जीव किती?”

“सात.”

“मग उडी मारून तरी काय करणार ते? आता चपळाई वाढव. आपला डाव पहिला यायला हवा. आपली माणसं पुढे घुसली की तीही सापडतात त्यात.”

तो इतका खुशीत मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. “मामा, तू हे आधी कुठे खेळलायस का?”

“नोकरीच ती होती,” तो पेन्सिलीला टोक करत म्हणाला.

घरात आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की मामा कुठल्याशा कारखान्यात मोजमाप खात्यात होता. कसलं मोजमाप, हे आईनेही त्याला कधी विचारलं नाही. त्याच्या भिंतींवर एकही तसबीर नव्हती. खिळा ठोकला की भोक पडतं, म्हणायचा. नव्या घरात राहायला गेला तेव्हा सामान लावायच्या आधी त्याने दारांतली जुनी भोकं रंगाऱ्याकडची लांबी भरून बुजवली होती. आम्ही त्याची थट्टा केली होती.

सूत्रधाराने चौकटींचा मोठा कागद पसरला आणि त्यावर न सुकणाऱ्या मऊ मातीच्या बोटभर बाहुल्या मांडल्या. नदीकाठी खुज्यांची टोळी उतरली होती. फासे पडले, पहिला डाव मामाचा आला.

“त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही,” ती म्हणाली.

मामाने अग्निगोलाची वीस फुटांची हद्द दाखवणारं तारेचं कडं कागदावर ठेवलं. बोटाने जरासं डावीकडे सरकवलं, परत एवढंसं मागे घेतलं. मग आठ फासे टाकले. एकतीस.

“वर्तुळात कोण कोण आलं?” तिने विचारलं.

“अकरा.”

“अकरा,” ती म्हणाली आणि तिच्या सवयीप्रमाणे रंगवून सांगू लागली. “शेकोटीभोवती बसले होते. एकजण जोड्याला टाका घालत होता. दुसरा त्याला दिवा धरून उभा होता. कुणालाच काही कळलं नाही. सगळे गेले.”

मी टाळीसाठी हात पुढे केला. मामाचा हात कड्यावरच होता. ती बाहुल्या मुठीने उचलून डब्यात टाकू लागली.

“थांब जरा,” तो म्हणाला.

ती थांबली. तो आमच्यापैकी कुणाकडेही न बघता बोलू लागला.

“आमच्याकडे माळावर गोलात फळ्या उभ्या करायचे. मधोमध तोफेचा गोळा ठेवून फोडायचे. धूर बसला की मी कागद घेऊन जायचो आणि प्रत्येक फळीत त्याच्या तुकड्यांनी पाडलेली भोकं मोजायचो. एकतीस वर्षं. फळ्या पुरुषभर उंच असायच्या. माणसाच्या खांद्यांएवढ्या रुंद. एकदा कुणीतरी गंमत म्हणून एका फळीवर खडूने नाक-डोळे काढले. सगळे हसले. मीही हसलो. त्या फळीत सात भोकं निघाली. मी सात लिहिले आणि पुढच्या फळीकडे गेलो.”

“मामा, हा खेळ आहे,” मी म्हटलं.

“ठाऊक आहे गं.” त्याने चष्मा काढून पुसला. “कोण कोण आलं, असं तिथे कुणी विचारायचं नाही. किती, एवढंच.”

सूत्रधाराने डबा त्याच्यापुढे ठेवला. त्याने आतल्या बाहुल्या एकेक करून बाहेर काढल्या आणि कागदावर आडव्या निजवल्या. कुणाचा हात अंगाखाली दुमडला होता, तो नखाने सरळ केला. जोडेवाला कोणता, हे त्याने तिला विचारलं. तिने खरं तर तसं काही ठरवलं नव्हतं, पण तिने एकीवर बोट ठेवलं. दिवा धरणाऱ्याला त्याने त्याच्याशेजारी ठेवलं.

“हं,” तो म्हणाला. “आता तुमचा डाव.”

नदी ओलांडायला ते निजले होते तीच एक वाट होती. आम्ही आमची पात्रं कडेकडेने, एकेक चौकट मोजत, त्यांच्यावर पाय पडणार नाही अशा बेताने पलीकडे नेली.