फुलांच्या पेंढ्या

सकाळपासून मोतद्दाराचा जीव थाऱ्यावर नव्हता. घोडीचा तर नव्हताच. ती बादलीत तोंड बुडवायची, पाणी नुसतं खळखळवायची, घोटभरही प्यायची नाही. खुरानं जमीन उकरायची. घडीघडीला लघवीला उभी राहायची आणि चार थेंबांवर भागायचं. मालकांनी बजावून ठेवलं होतं, पोटशूळ दिसतोय, डॉक्टरीणबाई येईपर्यंत काडीही खायला घालायची नाही. मालकांचं काय जातंय सांगायला! पोटच्या पोरीसारखी वाढवली होती ती यानं.

डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या मोतद्दाराला घोडीचं तोंड उघडायला लावलं. जिभेवर फोड, हिरड्या सोललेल्या. लघवी बघितली तर तांबूस. पोटशूळाचं नाव सोडून त्या तडक चाऱ्याच्या खोलीत गेल्या, जमिनीवर चादर अंथरली आणि लसूणघासाची एक पेंढी झाडायला लावली. पानं पडली, जांभळी फुलं पडली आणि त्यांच्याबरोबर सातआठ लांबट, पट्टेरी, मेलेले किडे.

हात लावू नका, फोड येतील, बाई म्हणाल्या. हा किडा फुलांवर बसतो. कापणीचं यंत्र देठं चेपतं, त्यात तोही चिरडतो आणि पेंढीत बांधला जातो. मेला तरी त्याचं विष मरत नाही. बाकीच्या घोड्यांनाही हेच घालता का, असं त्यांनी विचारलं. मोतद्दारानं मान हलवली. बाकीच्यांना साधं गवत. फुलांच्या पेंढ्या तो हिच्यासाठीच निवडून बाजूला ठेवायचा, लाडाची म्हणून.

"शेवटचं कधी खाल्लं?"

काल दुपारी, मालक म्हणाले. मग विष पोटातून पुढे गेलं असणार, नळीनं औषध घालून फारसा उपयोग नाही, असं म्हणत बाई नुसत्या सलाइनच्या तयारीला लागल्या.  मोतद्दारानं खरं बोलावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर घोडी.

"आज सकाळी," तो म्हणाला. "तोंड फिरवत होती, म्हणून मी हातानं भरवलं. फुलं निवडून निवडून."

मालक त्याच्यावर धावूनच आले, आत्ताच्या आत्ता चालता हो म्हणाले. बाईंनी नाकातून घालायची नळी पिशवीतून काढली.

"त्याला घालवलंत तर ही मला नाकाला हात लावू देईल?"

मालक बाजूला सरले. मोतद्दारानं घोडीला हळूच हाक मारली. इतका वेळ त्याच्याशिवाय कुणाला जवळ फिरकू न देणाऱ्या तिनं मुकाट्यानं मान खाली घातली आणि तोंड त्याच्या हातात दिलं. तिचा अजूनही त्याच्यावर विश्वास होता, आणि तेच त्याला सोसवेना.