सत्यभामा जळली

अंजूनं सासूला, म्हणजे गोदाबाईला, स्कूटीवर मागे बसवून सारं बालाघाट फिरवलं आणि फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली गोंदियाहून गोदाबाईच्या धाकट्या बहिणीचा, सत्यभामाचा, एकच शब्द आला : जेलस.

"हे का व्हय वं?" अंजूनं तो वाचून दाखवताच गोदाबाईनं विचारलं.

"जलन, आई. दुसऱ्याचं चांगलं पाहून जळते ना माणूस, ते." एवढं सांगून अंजू शाळेत शिकवायला गेलीसुद्धा.

सख्खी पाठची बहीण, आणि आपल्यावर जळते! खरंच होतं म्हणा, तिची सून पुण्याला, तिला कोण फिरवणार? त्यात संध्याकाळी येताना अंजूची स्कूटी घसरली, कोपर खरचटलं. संशयाला तेवढं पुरे झालं. सत्यभामाशी बोलणं बंद, असं गोदाबाईनं ठरवून टाकलं आणि पदरानं डोळे पुसले.

सकाळी तिनं मीठ-मिरच्या अंजूवरून उतरवून चुलीत टाकल्या. नजर लागली असेल तर मिरची जळूनही ठसका येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. ती श्वास रोखून उभी राहिली.

पहिला ठसका दारातून आला. पिशवी घेऊन सत्यभामा उभी! पोरगी पडल्याचं ग्रुपवर कळताच पहिल्या बसनं निघाली होती. मग तिघीही नाकातोंडातून पाणी येईतो खोकल्या.

"कोणाची नजर उतरवून राह्यली, बाई?"

गोदाबाईला खोटं जमेना. "तुहीच. तूच लिहलं ना, जेलस."

"हौ, जळलीच मी! म्हणून तं साऱ्याईसमोर लिहलं. मनात ठेवते, त्याची नजर लागते."

चाळीस वर्षांपूर्वी सत्यभामाच्या सासरी अंगणात नळ आला, तेव्हा विहिरीवरून घागरी वाहणारी गोदाबाई मनातल्या मनात किती जळली होती! तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

"तुह्या नळाची मले लय जलन होती वं," ती आज बोलली.

"ठाऊक होतं मले. म्हणून तं तू आली का नळावरची पहिली आंघोळ तुही राहे."

गोदाबाईनं पदराला नाक पुसलं. या खेपेला मिरचीचा काही दोष नव्हता.

"अंजू, मावशीले वैनगंगेवर फिरवून आण," ती म्हणाली.

थोड्या वेळानं ग्रुपवर फोटो आला : स्कूटीवर मागे सत्यभामा, पदर वाऱ्यावर. गोदाबाईला लिहिता येत नव्हतं. तिनं मोबाइल तोंडाशी धरला आणि साऱ्या गणगोताला ऐकू जाईल अशी ओरडली, "जेलस!"