मुकीची मुलाखत

आमच्या आरोग्य प्रकल्पात तिला सगळे मुकी म्हणतात. हे नाव मीच पाडलं. बाई एक प्रश्न विचारते आणि तोंडाला कुलूप लावून बसते. लोक रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच का सोडतात, हे घरोघरी जाऊन समजून घेणं आमचं काम. मला लोक सांगतात, "घेते की वेळेवर." हिच्यापुढे तेच लोक नवऱ्याचं, सुनेचं, कधीचं काय काय भडाभडा बोलतात. मी घेतलेली मुलाखत वाचून प्रकल्पाचे सर म्हणाले, "यात तुम्हीच जास्त बोललाय." तिची मात्र सगळ्यांना वाचून दाखवली. माझा नुसता जळफळाट झाला.

मग रक्तदाबाच्या रुग्णांमधून मुलाखतीसाठी नेमकी माझ्या ताईची निवड झाली. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, आम्ही दोघीच राहतो. नात्यातल्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नाही, असा नियम. म्हणून मुकी येणार होती. मी ताईला आधीच पढवून ठेवलं, "गोळ्या नियमित घेते म्हण. आपली शोभा व्हायला नको." कुंपणानेच शेत खाल्लं म्हणा, पण त्या मुकीपुढे माझं घर उघडं पडायला नको होतं.

मी जिन्यात बसले. दार बंद. बराच वेळ काही ऐकू येईना. मग ताई हसली. मग रडायला लागली. आई गेली तेव्हाही मी तिला रडताना ऐकलं नव्हतं.

मुकी बाहेर आली.

"काय म्हणाली ताई?"

"ते मला सांगता येत नाही. तुला माहीत आहे."

चपला घालून ती निघून गेली. माझ्या बहिणीचं दुःख हिला ठाऊक, आणि मी जिन्यात. मुकीला धरून हलवावंसं वाटलं.

जेवताना मी तिचीच युक्ती करून पाहिली. "ताई, कसं वाटतंय?" एवढंच विचारलं आणि गप्प बसले.

ताईने माझ्याकडे निरखून पाहिलं. "घसा बसलाय का तुझा?"

मला राहवेना. "गोळ्या घेतेस ना?"

"घेते की वेळेवर."

"मग रडलीस कशाला?"

ताईने ताट बाजूला सारलं. "तुला काही सांगितलं की तुझं लगेच डॉक्टर, तपासण्या, गोळ्यांसाठी मोबाइलचा गजर सुरू होतं. मला ते नको असतं गं."

"मग काय हवं असतं?" ती तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हणाले, "ते काही नाही, उद्या डॉक्टरकडे जाऊ."

ताई शांतपणे पाणी प्यायली.

"रविवारी ती येणार आहे. कामासाठी नाही, मीच बोलावलंय," ती म्हणाली. "तेवढा वेळ तू बाहेर जाशील?"