इनुसमामांचं कुरकुरणारं चाक

“मामा, चालणं म्हणजे वेळ वाया,” सत्यजीतसाहेब म्हणाले आणि इनुसमामांच्या ढकलगाडीकडे असं पाहिलं, की जणू तीच दांड्या मारत होती.

शिरूरजवळच्या त्या पंपांच्या कारखान्यात लेथ एका टोकाला, ड्रिल दुसऱ्या टोकाला आणि धुलाई पार मागं. या तिन्हींत माल फिरवता फिरवता मामांचे केस पिकले. गाडीचं डावं चाक कुरकुरायचं. मामा त्याला मुद्दाम ग्रीस लावत नसत. ते वाजलं की डुलक्या घेणारे खडबडून कामाला लागत. निम्मं उत्पादन त्या चाकावर होतं, पण हे कुठल्याच तक्त्यात येत नव्हतं.

आता साहेबांनी यंत्रं घोड्याच्या नालासारखी जवळजवळ मांडली. त्याला ‘सेल’ म्हणायचं. नग झाला की हातोहात शेजाऱ्याला द्यायचा. गाडी भंगारात.

“आन् मी?”

“तुम्ही ड्रिलवर. दसऱ्यापर्यंत बघू. जमलं तर ठीक.”

नाही जमलं तर काय, हे साहेब बोलले नाहीत. ते घरी बायकोनं, लालबीनं ओळखलं. “एका जागी काम? जेवताना तरी एका जागी बसता का तुम्ही?”

ड्रिलचं काम मामांनी लगेच उचललं. पंचाईत वेगळीच झाली. भोक पाडलं की मामा नग घेऊन निघत, वळसा घालून धुलाईवरच्या सोजराबाईंच्या हाती ठेवत, “नातू बरा हाय का?” विचारत आणि मग परतत. सोजराबाई हातभर अंतरावर होत्या. तोवर लेथवाला म्हस्कू पुढचा नग धरून ताटकळे.

“मामा, वरातीला निघालाय का? हात लांब करा की!”

“माणसाला वस्तू समोर जाऊन द्यावी, म्हस्कू. फेकल्यावानी काय?”

साहेब कपाळ चोळत.

दसऱ्याच्या तोंडावर बाजरीची काढणी निघाली आणि निम्मा कारखाना शेतात गेला. म्हस्कूही. सेलमध्ये मामा आणि सोजराबाई दोघंच.

“गेली आजची ऑर्डर!” साहेब मटकन बसले.

“यांना चालू द्या की सायेब,” सोजराबाई म्हणाल्या. “तसं बी थांबत्यात कुठं?”

मामा निघाले. लेथला नग अडकवला, बटण दाबलं, तो कातला जाईतो ड्रिलवर, तिथला झालेला सोजराबाईंच्या हाती, “नातू बरा हाय का?”, पुन्हा लेथ. संध्याकाळी माल ट्रकमध्ये चढला. एका माणसानं अशी फिरून यंत्रं चालवायची असतात, हे साहेबांच्या ट्रेनिंगात होतंच. त्या तासाला साहेब चहाला गेले होते. वाया जाणारं चालणं आता पद्धत झालं, आणि मामा कायम.

खंडेनवमीला यंत्रांना झेंडूचे हार पडले. गाडीलाही दरवर्षी पडायचा. मामांनी एक हार हळूच उचलला आणि शेडमागं भंगारात गेले. गाडीवर आधीच हळदकुंकू होतं, ताजी फुलं होती. आणि कुणीतरी मोठ्या मायेनं डाव्या चाकाला ग्रीस चोपडलं होतं.

मामांनी गाडी जरा ढकलून पाहिली. चाक छान फिरलं. आवाज काही आला नाही.