शंभराला पाच

बन्सीधरच्या गंगाखेडातल्या कारखान्याला कारखाना म्हणायचं ते केवळ बाहेरच्या पाटीचा मान राखून. स्टेशन रोडवर पत्र्याची दोन खणांची जागा. आत तो, त्याचा मेव्हणा पंडित आणि तांब्याची तार गुंडाळून कॉइल करणारी केवळाबाई. बनायचे ते टीव्हीचे स्टॅबिलायझर. अठ्ठ्याऐंशी साल होतं. गावोगाव टीव्ही आले होते आणि वीज अशी, की संध्याकाळी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की पडद्यावरचं चित्र दोन्ही अंगांनी आक्रसायचं. बन्सीधरचा डबा लावला की चित्र जागेवर यायचं, त्यामुळं माल हातोहात जात होता.

दसऱ्याला सोनपेठचे टीव्हीचे दुकानदार दिनकरराव यांनी पन्नास डबे मागितले, तेही दिवाळीच्या आत. घोडं पेंड खात होतं ते केवळाबाईपाशी. हातमशीनवर तिच्या दिवसाला दोनच कॉइली व्हायच्या. मशीनवरचा वेढे मोजायचा काटा कधीच मोडला होता. ती तोंडानं मोजायची, खळ्यावर धान्य मापतात तशी, 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून. लाभ, दोन, तीन, चार. मध्ये कुणी हटकलं तर उत्तर द्यायची नाही.

"दाजी, कशाला ह्यो खटाटोप," पंडित म्हणाला. "हैदराबादेला तयार कॉइली भेटतेत. आपला कागद पाठवायचा, आठ दिसात पार्सल. आपुन निस्तं जोडायचं."

पंडित म्हणजे उंटावरचा शहाणा, पण या खेपेला बन्सीधरला त्याचं पटलं. पटलं तरी दोन दिवस त्याला जेवण गोड लागेना. डबा बाहेरून घ्यावा, बटणं बाहेरून घ्यावीत, पण कॉइल म्हणजे यंत्राचं काळीज. ते परक्याच्या हाती द्यायचं? आणि नाही दिलं तर दिवाळी गाठायची कशी? शेवटी त्यानं वहीतला आपला नकाशा उतरवला, त्यावर 'वेढे चारशे वीस' असं ठळक लिहिलं आणि पाकीट टपालात टाकलं.

केवळाबाईला सांगताना त्यानं नजर मशीनवरच ठेवली. "मावशी, आता कॉइली बाहेरून यायल्यात."

तिनं मशीन पदरानं पुसलं, भाकरीचं फडकं उचललं आणि गेली. या कामासाठी तीन वर्षं ती नवऱ्यासंगं, येडबासंगं, मेंढरांमागं गेली नव्हती. बन्सीधरला वाईट वाटलं, अगदी मनातून वाटलं. पण वाईट वाटून माल तयार होत नाही, असंही त्यानं स्वतःला बजावलं.

पार्सल वेळेवर आलं. कॉइली देखण्या, वेढ्याला वेढा चिकटलेला. कारखान्यात दुपारच्या भरल्या विजेवर पन्नासही डबे झकास चालले. आठवडाभर राहिला होता दिवाळीला, तेव्हा माल सोनपेठेत पोचला.

मंगळवारी शेजारच्या दुकानात दिनकररावांचा फोन आला. "बन्सीधर, मोटारी सुरू झाल्या की तुमचे डबे टकटक करायलेत आन् बंद पडायलेत. तुमचेच जुने डबे त्याच विजेवर बिनबोभाट चालायलेत. डबे माघारी धाडायलोय. शुक्रवारपातूर नीट करून द्या, न्हाईतर आपला वेव्हार खतम. मी सगळ्या दुकानदारांना सांगणार."

बन्सीधरच्या तोंडचं पाणी पळालं. दिनकररावांनी तोंड फिरवलं तर तालुक्यात त्याचा एक डबा कुणी घेणार नव्हतं, पाटी उतरवावी लागली असती. त्यानं दुरुस्तीला आलेला एक जुना डबा खोलला आणि कॉइलची तार एकेक वेढा सोडवत मोजू लागला. दोनदा मोजणं चुकलं. तिसऱ्यांदा आकडा आला चारशे एक्केचाळीस. त्यानं दुसरा जुना डबा घेतला. त्यातही चारशे एक्केचाळीस.

तो तसाच केवळाबाईच्या घरी गेला. ती अंगणात घोंगडी झटकत होती.

"मावशी, मी चारशे वीस सांगितले हुते. तुमी किती घालीत हुता?"

"चारशे वीसच की. आन् शंभराला पाच वर, वरच्या विसाला एक." तिनं सहज सांगितलं. "आमच्यात कोरं माप देत न्हाईत, भाऊ. पायलीवर मूठ घालावीच लागती. न्हाईतर बरकत ऱ्हात न्हाई."

बन्सीधर ओट्यावर बसला. तीन वर्षं तो ज्या नकाशाच्या जोरावर मिरवत होता तो संध्याकाळच्या पडत्या विजेला मुळातच कमी पडणारा होता. चालत होती ती या बाईची मूठ. हैदराबादवाल्यांनी बिचाऱ्यांनी कागदाबरहुकूम, एक वेढाही इकडचा तिकडे न करता काम केलं होतं. त्याला लाज वाटली आणि भीती त्याहून जास्त वाटली.

त्यानं हात जोडले तेव्हा ती निघाली. तीन दिवस बन्सीधर आणि पंडित कॉइल पुन्हा मशीनवर बसावी म्हणून तिच्यातल्या लोखंडी पट्ट्या उपसत होते आणि ती एकवीस-एकवीस वेढे चढवत होती. लाभ, दोन, तीन. एकविसावर न थांबता ती आणखी एक घालायची. बन्सीधर बघायचा आणि घालू द्यायचा. शुक्रवारी डबे एसटीवर चढले आणि संध्याकाळी दिनकररावांचा निरोप आला, चालायलेत, अजून शंभर पाठवा.

पंडितनं हैदराबादेला नवं पत्र नकाशासकट लिहूनच ठेवलं होतं. वेढे चारशे बेचाळीस. बन्सीधरनं ते खिशात घातलं.

"मावशी, उद्यापासून परत या. आता बाहेरचं काय बी नको."

"न्हाई जमायचं, भाऊ. दिवाळी झाली की आमी जायलोत. तुमी नको म्हनल्यावर येडबानं दुसऱ्याची चाळीस मेंढरं राखायला घेतली. शब्द दिलाय. आता माघारी कसं फिरावं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, त्याला समजूत तरी घालता आली असती.

"मंग येवढं सांगा. वेढ्याबिगर अजून काय काय वरचं घालीत हुता तुमी?"

ती खरंच आठवू लागली. आपल्या हातांकडं बघितलं. "ते कसं सांगावं? काम पुढ्यात आलं की हात करीत हुते."

ती गेल्यावर तो टपालपेटीपाशी आला. खिशातलं पत्र काढून पुन्हा वाचलं. त्यात एक नवा आकडा होता, बाकी सगळा जुनाच नकाशा. त्यानं पत्र आत सोडलं आणि लगेच ते परत काढायला दोन बोटं फटीत घालून चाचपलं. हाताला काही लागलं नाही.